क्रूझवरचं जेवण आणि इंटरनेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा क्रूझला निघालेली ओळखीची माणसं केबिनबद्दल एकदा विचारतात आणि विसरून जातात. जेवणाचं कसं असतं आणि नेट चालतं का, हे मात्र बॅगा भरून होईपर्यंत विचारत राहतात. त्यात काही गैर नाही. बोट धक्क्यावरून सुटली की बाहेर जाऊन काही आणायची सोय नसते. पोटात काय जाणार आणि घरच्यांशी बोलता येणार की नाही, दोन्ही बोटीच्याच हातात. पण अनुभवाने सांगते, यातली निम्म्याहून जास्त सोय निघण्याआधी घरी बसूनच करून ठेवता येते. कंपनीगणिक आणि बोटीगणिक तपशील बदलतात, तेव्हा आपल्या बुकिंगच्या अटी एकदा शांतपणे वाचाच.

## जेवण

तिकिटाच्या पैशात कोणकोणतं खाणं येतं?

मुख्य डायनिंग रूम, बुफे आणि डेकवरचे एखाद-दोन छोटे काउंटर एवढं बहुतेक बोटींवर तिकिटातच असतं. तिन्ही वेळचं जेवण त्यात पोटभर होतं. साधं पाणी, चहा, साधी कॉफी आणि नाश्त्याचा ज्यूस यांचेही वेगळे पैसे सहसा पडत नाहीत. बाटलीबंद पाणी, सोडा-कोला, मद्य, मशीनवर काढलेली खास कॉफी आणि स्पेशालिटी रेस्टॉरंट्स (म्हणजे खास पदार्थांची वेगळी रेस्टॉरंट्स) यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे.

वेगळे पैसे घेणारं रेस्टॉरंट ही हल्लीची टूम आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९०५ साली प्रवासाला लागलेल्या ‘अमेरिका’ या जर्मन बोटीवर ‘मेन्यूतून हवं ते मागवा आणि त्याचे पैसे द्या’ असं रेस्टॉरंट होतं. १९१२ साली टायटॅनिकवरही पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी तसंच एक होतं.

जेवणाची ठरलेली वेळ घ्यावी की ‘कधीही या’ हा पर्याय?

ठरलेल्या वेळेच्या पद्धतीत संध्याकाळच्या दोन पंगती असतात : पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. रोज तेच टेबल, तेच वेटर. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी डोळे मिटून पहिली पंगत घ्यायला सांगते. तिसऱ्या दिवसापर्यंत वेटरला मुलाला काय आवडतं ते पाठ झालेलं असतं, आजोबांचं सूप न सांगता आधी येतं. ज्या दिवशी बंदरातून उशिरा परतणार असाल, त्या दिवशी मात्र पहिल्या पंगतीची धावपळ होते.

‘कधीही या’ हा पर्याय नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ या नावाने आणला आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी आपापल्या परीने उचलला. मोकळीक मिळते, पण सात-साडेसातच्या सुमारास रांग लागते. बोटीच्या ॲपवर वेळ राखून ठेवता येत असेल तर ठेवा. डिस्नीच्या बोटींवर तिसरीच तऱ्हा आहे. तिथे प्रवासी दर संध्याकाळी रेस्टॉरंट बदलतात आणि वेटर त्यांच्याबरोबर फिरतात.

बुफे बरा की डायनिंग रूम?

सकाळी घाईत बुफे, संध्याकाळी डायनिंग रूम, हे माझं साधं गणित. पहिल्या दिवशी दुपारी मात्र सगळेच प्रवासी सामान हातात घेऊन वरच्या डेकवरच्या बुफेकडे धावतात. त्या वेळी खालची डायनिंग रूम उघडी आहे का, ते विचारा. अनेक बोटींवर ती उघडी असते आणि अर्धी रिकामी असते.

बुफेत एक विनंती : ताटात थोडं थोडं घ्या, लागलं तर पुन्हा जा. उरलेलं अन्न समुद्रात कसं आणि कुठे सोडायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. ते २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक दळलेलं असलं तरीही किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल लांब गेल्याशिवाय सोडता येत नाही. काही संवेदनशील समुद्रांत ही मर्यादा १२ मैलांची आहे. आपण टाकलेल्या प्रत्येक घासामागे खाली कुणाचे तरी हात राबत असतात.

पैसे भरून स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये जावं का?

वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर एक संध्याकाळ जरूर जा. रोज जायची गरज नाही. निघण्यापूर्वी ऑनलाइन किंवा पहिल्या दिवशी बोटीवर बुकिंग केलं तर अनेकदा सवलत मिळते. काही ठिकाणी माणशी ठरावीक रक्कम असते, काही ठिकाणी प्रत्येक पदार्थाचे पैसे लागतात. कोणती पद्धत आहे ते बसण्याआधी विचारून घ्या.

आम्ही शाकाहारी आहोत. अडचण येईल का?

उपासमार होणार नाही, पण विचारावं लागेल. भाज्यांच्या सुपात मांसाचा किंवा माशांचा स्टॉक (ते उकळून काढलेलं पाणी) असू शकतो, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाचे बारीक मासे असतात, थरथरणाऱ्या थंड गोड पदार्थांत बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं जिलेटिन असतं. मेन्यूवर पानाचं चित्र दिसलं म्हणून थांबू नका. शिवाय ‘शाकाहारी’ या शब्दात अंडी बसतात का, मासे बसतात का, याबद्दल स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाची कल्पना वेगळी असू शकते. म्हणून आपण काय खात नाही त्याची नावं घेऊन सांगा. बुकिंग करतानाच कळवा आणि पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला पुन्हा सांगा.

मुलाला ॲलर्जी आहे. बोटीवर नेणं सुरक्षित आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईचा जीव कसा टांगणीला लागलेला असतो ते मी घरात पाहिलं आहे. माझ्या भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आमच्या प्रवासात पहिल्या रात्री हेड वेटर टेबलाशी येऊन त्याच्या उंचीला वाकून बसला आणि त्यालाच विचारलं, “तू काय काय खात नाहीस?” मग रोज रात्री जेवण आटोपलं की तो दुसऱ्या दिवसाचा मेन्यू आणि पेन टेबलावर ठेवायचा. वहिनी एकेका ओळीवरून बोट फिरवत विचारायची, तो जे चालत नाही त्यावर काट मारायचा, आणि जे चालतं ते दुसऱ्या दिवशी वेगळ्या झाकणाखाली वेगळं येत असे. चौथ्या दिवशी वहिनी पहिल्यांदा स्वतःचं जेवण गरम असताना जेवली.

मेन्यू आदल्या रात्री दाखवण्याची ही पद्धत पुष्कळ बोटींवर आहे, पण ती आपोआप सुरू होत नाही. निघण्याच्या बऱ्याच आधी, शक्यतो महिना-दोन महिने, कंपनीला लेखी कळवा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. ॲलर्जी तीव्र असेल तर बुफे टाळा. तिथे एका पदार्थातला चिमटा दुसऱ्या पदार्थात जातो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोहोचायला पहिल्या दिवशी संध्याकाळ होते.

पेयांचं पॅकेज घेतल्याने पैसे वाचतात का?

पॅकेज म्हणजे ठरावीक रक्कम एकदम भरायची आणि मग प्रत्येक पेयाचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. कागद घेऊन बसा आणि हिशेब करा. दिवसाला किती पेयं खरोखर पिणार, त्यातले किती दिवस बंदरात बाहेर जाणार, हे लिहिलं की उत्तर आपोआप समोर येतं. अनेक कंपन्यांत एकाने मद्याचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या बाकी प्रौढांनाही ते घ्यावंच लागतं. पॅकेजमधल्या पेयाच्या किमतीला बहुधा कमाल मर्यादा असते आणि वर सर्व्हिस चार्ज लागतो.

कपड्यांचे नियम किती कडक असतात?

बुफेत जवळजवळ काहीच नाहीत, फक्त ओल्या पोहण्याच्या कपड्यांत जाऊ नये. डायनिंग रूममध्ये संध्याकाळी नीटनेटके कपडे हवेत. काही बोटींवर एक-दोन ‘फॉर्मल नाइट’, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, असतात. त्यात भाग घ्यायचा नसेल तर त्या रात्री बुफेत जेवा.

केबिनमध्ये खाणं मागवता येतं का? सोबत खाऊ नेता येतो का?

रूम सर्व्हिस असते. सकाळचा हलका नाश्ता बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतो, बाकी वेळी शुल्क लागू शकतं. कारखान्यात पॅक केलेला कोरडा खाऊ न्यायला सहसा हरकत नसते, घरी शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या आत सोडत नाहीत. केटल, इस्त्री किंवा तापणारं कोणतंही उपकरण नेऊ नका. बोटीवर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, त्यामुळे ते तपासणीतच काढून घेतात.

आणि उतरताना बुफेतलं फळ पिशवीत टाकू नका. अनेक देशांत ताजी फळं, मांस, बिया किनाऱ्यावर आणायला बंदी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर विसरून राहिलेल्या एका सफरचंदापायीही दंड होऊ शकतो.

बोटीवर पोट बिघडतं असं ऐकलं आहे. खरं का?

नोरोव्हायरसच्या साथी बोटींवर होतात, हे खरं आहे. हा विषाणू वसतिगृहांत आणि रुग्णालयांतही पसरतो. बोटीवर माणसं दाटीने राहतात आणि तेच कठडे, त्याच लिफ्टची बटणं, तेच चिमटे हाताळतात, त्यामुळे तिथे त्याला वाट सोपी मिळते. लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या शरीरातलं पाणी कमी होतं, म्हणून त्यांची काळजी जास्त.

उपाय एकच आणि तो कळकळीने सांगते : साबण आणि पाण्याने हात धुवा. दारात ठेवलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही. ते लावलं म्हणून धुणं टाळू नका. वाढून घेतल्यावर, खायला बसण्याआधी पुन्हा एकदा धुतले तर फारच उत्तम, कारण मधल्या वेळात चिमट्यांना हात लागलेला असतो. त्रास सुरू झालाच तर लपवू नका, लगेच बोटीच्या दवाखान्यात सांगा. दोन दिवस केबिनमध्ये बसावं लागेल, पण शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई वाचतील.

स्वच्छतेची तपासणीही होते. परदेशी बंदरं करून अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या, १३ किंवा जास्त प्रवासी नेणाऱ्या बोटींवर तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेचे निरीक्षक न कळवता चढतात आणि १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा त्याखाली म्हणजे नापास. हे गुण कुणालाही ऑनलाइन पाहता येतात. आपली बोट त्या यादीत असेल तर बुकिंगआधी जरूर बघा.

बोट लागते. मग जेवायचं काय?

पोट अगदी रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, टोस्ट, सफरचंद, आलं घातलेलं काहीतरी, असं थोडं थोडं खा. बोटीच्या मधल्या भागात, खालच्या डेकवर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मागच्या टोकाच्या डायनिंग रूममध्ये त्रास होत असेल तर मधलं टेबल मागा. गोळी घ्यायची असेल तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, आणि कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून.

वेटरला वेगळी टीप द्यायची का?

बहुतेक कंपन्या रोजचा सर्व्हिस चार्ज तुमच्या बोटीवरच्या खात्यात आपोआप लावतात, काहींच्या तिकिटातच तो धरलेला असतो. त्यापलीकडे देणं तुमच्या खुशीवर. ज्याने मन लावून केलं त्याच्या हातात काही ठेवलं आणि त्याच्या नावानिशी दोन ओळी कंपनीच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिल्या, तर त्या ओळी त्याला पुढे नोकरीत उपयोगी पडतात.

## इंटरनेट

भर समुद्रात नेट येतं कुठून?

आकाशातून. बोटीच्या माथ्यावर जे पांढरे गोल घुमट दिसतात, त्यांतल्या बऱ्याच घुमटांच्या आत उपग्रहाकडे तोंड करून असलेली डिश असते. बोट कितीही डुलली तरी आतली यंत्रणा तिचं तोंड उपग्रहावरून हलू देत नाही.

वेग कशावर ठरतो ते समजून घ्या, म्हणजे चिडचिड कमी होते. जुनी पद्धत भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरत आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांची. ते विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तुम्ही बटण दाबलं की मागणी वर जाते, खाली येते, मग उत्तर वर जातं आणि पुन्हा खाली येतं. प्रकाशाच्या वेगानेही या फेऱ्यांना जवळपास अर्धा सेकंद लागतो. म्हणून जुन्या बोटींवर व्हिडिओ कॉलमध्ये दोघंही एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात. मधल्या उंचीवरचे ओ३बी नावाचे उपग्रह सुमारे ८,००० किलोमीटरवर आहेत. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या नेटसेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर, म्हणजे फारच जवळ, त्यामुळे तिथे हा विलंब जाणवेनासा होतो. रॉयल कॅरिबियनने ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या बोटींवर स्टारलिंक बसवणार असल्याचं जाहीर केलं, नंतर इतर मोठ्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. बुकिंग करताना ‘या बोटीवर नेट कुठल्या उपग्रहाचं?’ हा प्रश्न विचारायला संकोचू नका.

मग तरीही नेट मध्येच का जातं?

जोराचा पाऊस आला, बोटीचं धुराडं किंवा डोलकाठी डिशच्या आड आली, किंवा उंच कड्यांच्या चिंचोळ्या खाडीत बोट शिरली की सिग्नल तुटतो. उत्तरेकडे जाल तसा भूस्थिर उपग्रह क्षितिजाकडे झुकत जातो, मग साधा डोंगरही त्याला झाकतो. काही देशांच्या सागरी हद्दीत परवानगी नसल्याने सेवा बंद ठेवावी लागते. आणि सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे गर्दी. बंदर नसलेल्या दिवशी संध्याकाळी काही हजार माणसं एकदम फोन काढतात. पहाटे उठून बघा, तेच नेट सुरळीत चालतं.

कोणतं पॅकेज घ्यावं?

नुसते निरोप पाठवायचे असतील तर सर्वांत लहान पॅकेज पुरतं, पण त्यात कोणती ॲप चालतात आणि फोटो जातात का, ते वाचा. व्हिडिओ बघायचे किंवा कॉल करायचे तर वरचं. पॅकेज सहसा उपकरणाच्या संख्येवर असतं. ‘एक उपकरण’ म्हणजे बहुधा एका वेळी एक : फोनवरून लॉग आउट केलं की टॅबवर लॉग इन होता येतं. चौघांच्या कुटुंबाने दोन घेतली तरी पुष्कळदा भागतं. निघण्याआधी ऑनलाइन घेतलं तर सहसा स्वस्त पडतं.

फ्लाइट मोड इतकं का सांगतात?

कारण मी स्वतः ते केलं नव्हतं. पहिल्या प्रवासात फोन नेहमीसारखा उशाशी ठेवून झोपले. परदेशी रोमिंगचा पॅक घेतलेला होता, म्हणून निर्धास्त होते. रात्री फोनने बोटीवरचं मोबाइल नेटवर्क धरलं, मेल उतरवले, ॲप अपडेट केली. घरी आल्यावर बिल पाहून हात थरथरले. बोटीवरचं हे नेटवर्क किनाऱ्यावरच्या कोणत्याही देशाचं नसतं, ते उपग्रहावरून चालतं, आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं.

म्हणून धक्का सुटण्याआधी फ्लाइट मोड लावा आणि मग फक्त वायफाय सुरू करा. घरातल्या प्रत्येकाचा फोन स्वतः हातात घेऊन तपासा, मुलांचे आणि आजीआजोबांचे आधी.

वायफाय जोडलं, पण लॉगिनचं पान उघडतच नाही.

व्हीपीएन (नेट दुसऱ्या सुरक्षित वाटेने नेणारी सोय) आणि फोनच्या सेटिंगमधलं प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते गुपचूप शोधणारी सोय) तात्पुरतं बंद करा, ब्राउझर उघडून बोटीने दिलेला पत्ता टाइप करा. फोनमध्ये ‘बदलता वायफाय पत्ता’ अशी सोय चालू असेल तर बोटीला तुमचा फोन दर वेळी नवा वाटू शकतो. ती त्या नेटवर्कपुरती बंद करा. केबिनच्या भिंती पोलादाच्या असतात, तेव्हा पलंगावर सिग्नल नसेल तर दाराशी उभं राहून बघा.

बँकेचा ओटीपी कसा येणार?

हा प्रश्न फार कमी लोक वेळेवर विचारतात. फ्लाइट मोडमध्ये साधा एसएमएस येत नाही. तुमच्या मोबाइल कंपनीचं वायफाय कॉलिंग परदेशातही चालत असेल तर काही वेळा त्यावरून येतो, पण ते घरीच सुरू करून, फ्लाइट मोड लावून तपासावं लागतं. जिथे शक्य असेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं ॲप) लावून ठेवा. प्रवासाच्या दिवसांत येणारे हप्ते आणि बिलं आधीच भरून टाका.

बोटीवरून ऑफिसचं काम करता येईल का?

नव्या यंत्रणेच्या बोटीवर मेल आणि साध्या मीटिंग होतात. पण ज्या मीटिंगवर नोकरी अवलंबून आहे, ती समुद्रातल्या दिवशी ठेवू नका. ऑफिसचं व्हीपीएन लहान पॅकेजवर अनेकदा अडवलेलं असतं. बोटीचं घड्याळ आणि फोनचं घड्याळही कधी कधी जुळत नाही. मीटिंगची वेळ आणि बंदरातून परतायची वेळ, दोन्ही बोटीच्या घड्याळाने बघा.

नेट घेतलंच नाही तर?

छान चालतं. बहुतेक मोठ्या कंपन्यांचं स्वतःचं ॲप बोटीच्या वायफायवर पैसे न भरता चालतं : दिवसाचा कार्यक्रम, मेन्यू, टेबलाचं बुकिंग, खात्यावर किती झालं, सगळं त्यात दिसतं. काही ॲपवर बोटीवरच्या बोटीवर एकमेकांना निरोपही पाठवता येतात. ॲप मात्र घरूनच उतरवून या. नकाशे, पुस्तकं, गाणी, तिकिटांचे स्क्रीनशॉटही आधीच घेऊन ठेवा. नेट घेतलं असलं तरी फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप आणि ॲप अपडेट बंदच ठेवा.

घरी काही तातडीचं झालं तर आम्हाला कसं कळणार?

निघण्याआधी एका कागदावर बोटीचं नाव, केबिन क्रमांक, बुकिंग क्रमांक, रोजची बंदरं आणि कंपनीचा तातडीचा फोन नंबर लिहून घरी द्या. तुमचा फोन बंद असला तरी कंपनी बोटीला कळवते आणि बोटीवरचा माणूस तुमच्या दारापर्यंत येतो. आईवडील घरी आजारी असतील तर एवढा एक कागद कुठल्याही पॅकेजपेक्षा जास्त आधार देतो.

समुद्रातून निरोप धाडण्याची ओढ काही आजची नाही. १९१२ मध्ये टायटॅनिकवरचे प्रवासी शब्दांवर पैसे मोजून घरच्यांना बिनतारी संदेश पाठवत होते. मधे यंत्र बिघडलं होतं, त्यामुळे त्या शेवटच्या रात्री ऑपरेटर साठलेले संदेशच पाठवत बसला होता.

उतरायच्या दिवशी नाश्ता आणि नेट मिळतं का?

नाश्ता मिळतो, पण लवकर आटोपतो आणि गर्दी असते. नेट अनेकदा त्याच सकाळी बंद होतं, म्हणून पुढच्या प्रवासाचे पास आणि हॉटेलचा पत्ता आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा. खात्याचं बिलही आदल्या संध्याकाळीच तपासा. न घेतलेलं पेय लागलं असेल तर त्या वेळी काउंटरवर दोन मिनिटांत निघतं, सकाळी तिथे लांब रांग असते. मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायला सांगतात. औषधं, चार्जर आणि मुलांसाठी बिस्किटांचा एखादा पुडा त्यात जाऊ देऊ नका.